डोंगरातलं मीठ

मीठ समुद्राचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही. उरणच्या खाडीकाठी वाढलेल्या मुलीला ते शिकवावं लागत नाही. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, उथळ वाफ्यांमध्ये पसरायचं, उन्हानं आटू द्यायचं आणि वर आलेले खडे लाकडी फळीनं ओढून बांधावर रास लावायची. आजी लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे करत आली. आम्ही आगरी. आगरावर राबणारे ते आगरी, असं आमच्याकडे सांगतात. दिवाळी उलटली की मिठागराच्या बांधांची डागडुजी, मग मे अखेरपर्यंत मीठ आणि मृगाचा पाऊस आला की वाफे बुडायचे. त्या दिवशी फळ्या धुऊन माळ्यावर जायच्या आणि सगळं घर भाताच्या कामाला लागायचं.

“मीठ म्हंजे तान्हा पोर. नजर काढली का गेला,” असं आजी म्हणायची. एका अवकाळी सरीनं आठवड्याची मेहनत वाफ्यातल्या वाफ्यात विरघळताना मी लहानपणी पाहिली आहे. आजोबा बांधावर उभे होते, काही बोलत नव्हते. त्या जागी आता कंटेनरचं आवार आहे.

गेल्या वर्षी कामासाठी तीन आठवडे कोलंबियात, बोगोताला राहावं लागलं. कार्यालयात जेवताना मी हे सगळं सांगत होते, तेव्हा शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, “मग शनिवारी सिपाकिराला जा. आमचं मीठ डोंगरातून येतं.” मला तिचं बोलणं नीट कळलंच नाही असं वाटलं. बोगोता अँडीज पर्वतातल्या पठारावर आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर आणि खूप खाली. शेंदेलोण आपल्या घरी असतं, उपासाच्या भगरीत पडतं. पण ते पंजाब-सिंधकडून येतं, दगड फोडून काढतात, यावर मी कधी थांबून विचार केला नव्हता. पुडीतून येणारी वस्तू एवढीच त्याची ओळख होती.

शनिवारी सकाळी शहराच्या उत्तर टोकाच्या स्थानकावरून बस घेतली. दारात उभा असलेला मुलगा “सिपा, सिपा, सिपा” असं ओरडत होता; गावाचं पूर्ण नाव तिथं कुणी घेत नाही. साधारण पन्नास किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं, गाई, आणि मैलोन्‌मैल प्लास्टिकच्या छपरांखाली फुलांची शेती. पठार इतकं सपाट की आपण २,६५० मीटरवर आहोत हे डोळ्यांना पटत नाही. छातीला मात्र पटतं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्यावर आणखी एक हजार मीटर उंचीवर ही माणसं बाजारहाट करतात, शाळेत जातात, सायकली चालवतात. आणि कशा चालवतात! २०१९ मध्ये तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणारा पहिला लॅटिन अमेरिकन, एगान बेर्नाल, याच गावात वाढला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

बसमधून उतरून चौकात आले तेव्हा धुकं विरत होतं. मोठा फरसबंद चौक, ताडासारखी उंच झाडं, भोवती पांढऱ्या भिंतींची, कौलारू, लाकडी सज्जांची घरं आणि एका बाजूला दगडी कॅथेड्रल. त्याचं बांधकाम १७६० मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला शंभरावर वर्षं लागली. अंगावर लोकरीचा रुआना घेतलेले म्हातारे बाकांवर ऊन खात बसले होते. रुआना म्हणजे मध्ये डोकं घालण्यापुरती चीर असलेली घोंगडीच. मी एका छोट्या खाणावळीत शिरले आणि आग्वापानेला मागितलं. समोर वाफाळता पेला आला, सोबत पांढऱ्या चीजचा तुकडा. पहिला घोट घेतला आणि ओळख पटली: गुळाचं पाणी. पानेला म्हणजे चक्क गूळ, उसाच्या रसाची ढेप. उन्हातून आलेल्याला आपण गूळ-पाणी देतो, थंडीतून आलेल्याला ते देतात. त्या परक्या थंड सकाळी एवढ्याशा गोष्टीनं मला फार आधार दिला.

या गावाची कागदोपत्री स्थापना स्पॅनिश अधिकारी लुईस एन्रीकेस यानं १६०० मध्ये केली. पण मीठ त्याच्याआधी हजारो वर्षांचं आहे आणि मीठ काढणारे हातही. या पठारावर मुइस्का लोक राहत. त्यांच्या दक्षिणेकडच्या राजाला ‘सिपा’ म्हणत. गावाच्या नावात तो अजून आहे. शेजारचे लोक मुइस्कांना मिठाची माणसं म्हणून ओळखत. त्यांच्याकडे कापूस पिकत नव्हता, सोनं फारसं निघत नव्हतं. मीठ होतं, आणि मिठाच्या बदल्यात बाकी सगळं घाट उतरून, नद्या ओलांडून त्यांच्या बाजारात येत होतं.

ते मीठ कसं काढत हे मी गावातल्या संग्रहालयात पाहिलं आणि तिथून पाय निघेना. डोंगरातून झिरपणारं खारं पाणी मोठमोठ्या मातीच्या मडक्यांत भरायचं. मडकी चुलाणावर मांडायची, खाली लाकडं पेटवायची. पाणी आटत आलं की पुन्हा ओतायचं, पुन्हा आटवायचं, असं रात्रंदिवस, मडकं मिठानं गच्च भरेपर्यंत. शेवटी आत एक अख्खा, दगडासारखा कठीण गोळा तयार होई. तो बाहेर काढायला एकच उपाय होता, मडकं फोडणं. प्रत्येक ढेपेमागे एक मडकं. त्यामुळे जिथं मीठ झालं तिथं खापऱ्यांचे थरच्या थर साचले आणि त्या खापऱ्यांवरूनच संशोधकांना इथल्या मिठाचा इतिहास वाचता आला. हे काम बायकांचं होतं.

काचेमागच्या त्या जाड, खडबडीत खापऱ्यांसमोर मी बराच वेळ उभी राहिले. त्यांच्यावर नक्षी नाही. फोडायच्याच मडक्याला नक्षी कोण काढतं? पण ते मडकं कुणीतरी मळलं, थापलं, वाळवलं, भाजलं. चिखलात उभ्या बाईचे पाय मला माहीत आहेत, मिठाच्या पाण्यानं चिरलेले, तळव्याला भेगा पडलेले, रात्री खोबरेल चोळलं तरी न भरणारे. धुरात बसलेल्या बाईचे डोळे कसे होत असतील, त्याचा अंदाज मी तिथं उभ्याउभ्या बांधत होते. आजीकडे ऊन होतं, फुकटचं. यांच्याकडे हे ढगाळ, गार आभाळ. म्हणून जंगल जाळावं लागलं.

आणि याच ढेपांनी घात केला. १५३६ मध्ये गोन्सालो हिमेनेस दे केसादा हा स्पॅनिश सरदार किनाऱ्यावरच्या सांता मार्ताहून मागदालेना नदीच्या काठाकाठानं आत शिरला. ताप, उपासमार, मगरी, यांत त्याची बहुतेक माणसं वाटेतच मेली. निघालेल्या शेकडोंपैकी दोनशेही वर पोचली नाहीत. ते परतलेच असते. पण वाटेत त्यांना स्थानिकांकडे वेगळं मीठ दिसू लागलं. किनाऱ्यावरचं मीठ सुट्या खड्यांचं, हे मात्र ढेपेचं. सोबत चांगलं विणलेलं सुती कापड. ज्यांच्याकडे असं मीठ आणि असं कापड आहे ते लोक मोठ्या वस्तीचे, श्रीमंत असणार, हा त्यांचा हिशेब. मिठाचा माग काढत ते डोंगर चढले आणि १५३७ मध्ये मुइस्कांच्या पठारावर पोचले. पुढच्याच वर्षी बोगोता वसवलं गेलं. चुलाणावरून उतरलेली, कुणा बाईनं मडकं फोडून काढलेली ढेप हातोहात विकली जात खाली नदीपर्यंत गेली आणि परतताना तलवारी घेऊन आली.

पुढचं आपल्याला नव्यानं सांगायला नको. मीठ राज्यकर्त्याच्या डोळ्यांत भरतंच, कारण त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. मूळ रहिवासी आपल्याच डोंगरावर मजूर झाले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिठाचा उरलासुरला कारभारही राजसत्तेनं त्यांच्या हातून काढून घेतला. कर वाढत गेले. १७८१ च्या मार्चमध्ये सोकोर्रो गावात मानुएला बेलत्रान नावाच्या बाईनं भिंतीवरचं करांचं फर्मान सगळ्यांदेखत फाडलं आणि बंड पसरलं. बंडवाल्यांना म्हणायचे कोमुनेरो, गावकीची माणसं. जूनपर्यंत सुमारे वीस हजार लोक सिपाकिराजवळ येऊन ठेपले. राजधानीत घबराट झाली, आर्चबिशप वाटाघाटींना आले, आणि पस्तीस कलमांचा करार झाला. तंबाखू, दारू, कागद यांवरचे कर कमी करा, पदं स्थानिकांना द्या, जमिनी परत करा. आणि त्यात एक मागणी होती, मिठाची खाण मूळ रहिवाशांना परत द्या.

या एका कलमाशी मी अडखळले. १९३० च्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, हे मी शाळेत शिकले होते. त्याच्या दीडशे वर्षं आधी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, तीच वस्तू, तीच मागणी, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

करारावर शपथा झाल्या, लोक घरी गेले, आणि व्हाइसरॉयनं करार धुडकावला. लढत राहिलेला एक पुढारी, होसे आंतोनियो गालान, पकडला गेला. १७८२ च्या फेब्रुवारीत त्याला बोगोतात मारलं, देहाचे तुकडे करून वेगवेगळ्या गावांत टांगले. शिक्षेत आणखी एक गोष्ट लिहिली होती: त्याचं घर पाडावं आणि त्या जागेवर मीठ पेरावं, म्हणजे त्याचं नाव विसरलं जाईल. पुण्यावर मुरार जगदेवानं गाढवाचा नांगर फिरवल्याची, पहार ठोकल्याची गोष्ट आपण ऐकत मोठे होतो. हाही तोच नांगर. पण मिठाच्या गावात शपथ मोडून, मिठासाठी भांडलेल्या माणसाच्या उंबऱ्यावर मीठ पेरायचं? आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे माणुसकीची परीक्षा. ज्यानं मीठ असं वापरलं त्याला मीठ कळलंच नाही, असं मी त्या चौकात उभी राहून मनातल्या मनात फार रागानं म्हटलं. आज त्या चौकाला कोमुनेरोंचंच नाव आहे.

खाण गावाच्या वरच्या अंगाला. चढ फार नाही, पण दर शंभर पावलांवर मला थांबावं लागत होतं. १८०१ मध्ये जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट इथं येऊन गेला; तो खाणकाम शिकलेला होता. वरून खणत बसण्यापेक्षा बोगदे काढा, असा सल्ला त्यानं दिला आणि काही वर्षांत डोंगराच्या पोटात बोगदे शिरले. विसाव्या शतकात खाणकामगारांनी आत एक छोटी वेदी कोरली. कामाची पाळी सुरू होण्याआधी हात जोडायला. दरड, विषारी वायू, स्फोट, यांतून संध्याकाळी घरी पोचू दे, एवढंच मागणं असणार. आमच्याकडे हंगामाची पहिली मूठ बांधावर ठेवून आजी हळदकुंकू वाहायची, नारळ फोडायची, त्यातलंच हे.

त्या वेदीवरून मोठ्या चर्चची कल्पना निघाली. १९५४ मध्ये खाणकामगारांच्या रोझरीमातेच्या, म्हणजे मेरीच्या, नावानं ते सुरू झालं. पण वरखाली खोदकाम चालू असलेल्या डोंगरात ते कमकुवत होत गेलं, बंद करावं लागलं, आणि त्याच्याखाली साठेक मीटरवर नवं कोरलं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये ते खुलं झालं. त्यासाठी सुमारे २,५०,००० टन मीठ बाहेर काढलं. याला सगळे मिठाचं कॅथेड्रल म्हणतात. कॅथेड्रल म्हणजे खरं तर बिशपांचं चर्च, पण बिशपांची गादी खाली चौकातल्या दगडी इमारतीत आहे. इथं रविवारी प्रार्थना मात्र होते.

आत शिरताना गंधकाचा मंद वास आला. वाटाड्या साठीचा गृहस्थ होता, वडील आणि आजोबा याच खाणीत होते म्हणाला. दोन्ही बाजूंच्या भिंती काळ्या-करड्या. मला पांढरं काहीतरी दिसेल असं वाटत होतं. हे मीठ चिकणमाती मिसळलेलं, ओल्या पाषाणासारखं, आणि उजेड पडला की त्यात बारीक बारीक कण लुकलुकत. “चाटून बघा, सगळे चाटतात,” तो म्हणाला. मी भिंतीला बोट घासून जिभेवर ठेवलं. खारट. स्वच्छ, सरळ खारट. आमच्या मिठाला खाडीच्या चिखलाचा जो वास असतो, तो नव्हता. एके काळी इथंही समुद्र होता, कोट्यवधी वर्षांपूर्वी. तो कोंडला, आटला, गाडला गेला आणि अँडीज उठताना त्याच्याबरोबर वर आला. म्हणजे हेही मिठागरच. बांध नव्हता, माणूस नव्हता, राखण नव्हती; आणि तरी पावसानं नेलं नाही.

वाट उतरत जाते आणि दोन्ही अंगांना येशूच्या यातनामार्गाचे चौदा टप्पे लागतात. प्रत्येक ठिकाणी मिठात कोरलेला क्रूस आणि गुडघे टेकायला मिठाचेच ओटे. मूर्ती नाहीत. एका टप्प्यावर क्रूस भरीव, पुढच्यावर तो नुसती क्रूसाच्या आकाराची पोकळी, आणि पोकळीतून येणारा निळा उजेड. शेवटी जमिनीखाली १८० मीटरवर मुख्य दालन उघडतं. समोर सोळा मीटर उंच क्रूस अधांतरी तरंगतोय असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, तिथं क्रूस नाहीच. भिंतीत क्रूसाच्या आकाराचं मीठ काढून घेतलंय, आणि त्या खाचेत दिवा आहे.

वेरूळचं कैलास लेणं बघताना मला असंच गप्प व्हायला झालं होतं. तिथं जे दिसतं ते घडवलेलं नाही, भोवतीचं सगळं काढून टाकल्यावर उरलेलं आहे. पण कैलासात निदान उरलेलं दिसतं. इथं मी ज्याच्याकडे मान वर करून बघत होते ते काढून नेलेलं होतं. ती पोकळी म्हणजे पाळ्या होत्या. कुणाच्या तरी पहाटा, कुणाची फुप्फुसं. आणि काढलेलं मीठ कुठं गेलं? सूपच्या वाटीत, भाकरीत, जनावरांच्या गव्हाणीत. खाल्लं गेलं, संपलं. मिठाचं काम करणाऱ्यांचं मागं काही उरत नाही, हे मला घरून माहीत होतं. आमच्या वाफ्यांची तर पोकळीही राहिली नाही, भराव पडला. इथं ती राखली आहे, तिच्यात दिवा लावला आहे, लोक तिच्यापुढे गुडघे टेकतात. मला रडू आलं. शेजारच्या बाईनं न बोलता कागदी रुमाल पुढे केला. तिला वाटलं असेल, ही फार श्रद्धाळू आहे. ते खोटं नव्हतं.

बाहेरच्या वाटेवर दुकानं आहेत, पाचूंची, कॉफीची. ती मी पटकन ओलांडली. वाटाड्या सोबत होता. माझी आजी समुद्राचं मीठ काढायची हे ऐकल्यावर तो थांबला. आतापर्यंत तो सांगत होता, आता विचारू लागला. किती लोक लागतात, आत किती वेळ, पाय सोलतात का. मग म्हणाला, “आणि वर काय असतं? छताला आधार कशाचा?”

“छत नसतं. आभाळ असतं.”

त्यानं हे आपल्या भाषेत पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. हल्ली आत कुदळ फारशी चालत नाही, असं तो म्हणाला. मिठात पाणी सोडतात, ते खारं होऊन नळांनी बाहेर येतं, मग आटवतात. मुइस्का बायका झऱ्याचं पाणी आटवायच्या; इतक्या वर्षांनी गोष्ट पुन्हा खाऱ्या पाण्यावरच आली आहे.

निरोप घेताना त्यानं खिशातून सुपारीएवढा करडा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. आजीसाठी.

घरी आले तेव्हा जून लागला होता. आजी ओटीवर बसून पावशीवर आंबाड्याची भाजी चिरत होती. तिला आता नीट दिसत नाही. मी खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं, डोंगर, काळोख, मिठाचं देऊळ, मडकी फोडणाऱ्या बायका. तिनं खडा बोटांत फिरवला, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला.

“मीठ हाय,” म्हणाली. मग जरा वेळानं, “पावसान काय करतान?”

“पाऊस आत येतच नाही, आजी. बाराही महिने मीठ काढतात.”

पत्र्यावर सर वाजायला लागली होती. तिनं खडा पदराच्या गाठीत बांधला.

“मंग भात कवा लावतान ते?”